शब्दचर्चा : रोगाची ‘प्रगती’ आणि औषधाला ‘दाद’

ओंजळ :
थायरॉइडच्या आक्रमक कर्करोगावर जे औषध-संशोधन चालू आहे, त्याची माहिती पेशंट आणि घरच्यांसाठी मराठीत लिहिण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. मसुद्यात एक वाक्य आहे : ‘रोगाची प्रगती होईपर्यंत हे औषध सुरू ठेवले जाईल.’ व्याकरणात चूक नाही. पण प्रगती मुलाच्या अभ्यासात होते, देशाची होते, आजाऱ्याच्या तब्येतीत होते. शाळेत तर प्रगतिपुस्तकच मिळतं. स्कॅनच्या अहवालात ‘प्रगती दिसते’ असं वाचून घरचे सुस्कारा सोडतील आणि डॉक्टरांना सांगायचं असेल नेमकं उलटं.

थायरॉइडचे बहुतेक कर्करोग सावकाश वाढतात, पेशंट वर्षानुवर्षं चांगले जगतात. अ‍ॅनाप्लास्टिक हा आक्रमक प्रकार शंभरात एखाद्‌दुसऱ्याला होतो, पण निदान झालं की तो थेट चौथ्या स्टेजमध्येच धरला जातो, गाठ थायरॉइडपुरती असली तरीसुद्धा. मानेतली गाठ काही आठवड्यांत वाढते, आवाज बसतो, गिळणं आणि श्वास घेणं जड जातं. चाचणीत भाग घ्यायचा की नाही हे घरच्यांना थोड्या दिवसांत ठरवावं लागतं. तो कागद ते फार तर दोनदा वाचतील, म्हणून शब्द पहिल्या वाचनातच कळायला हवा.

मला प्रोग्रेशन, रिस्पॉन्स, रिफ्रॅक्टरी (उपचाराला न जुमानणारा) आणि मीडियन सर्व्हायवल या चार शब्दांसाठी मदत हवी आहे. ‘ट्रायल’ला काय म्हणावं हेही सुचवा.

टाकसाळ :
मी कर्करोगाच्या औषध-चाचण्यांच्या नोंदी तपासतो, म्हणून पहिल्या शब्दावर बोलतो. ‘प्रगती’ काढून टाका, पर्यायाचा विचारही नको. ‘रोग वाढणे’ पुरेसं आहे.

मात्र वाढणं म्हणजे किती, हे कागदावर आलंच पाहिजे, कारण चाचणीत ते मोजून ठरवतात. निवडलेल्या गाठींच्या लांबीची बेरीज करतात. ती सर्वांत कमी होती त्या वेळेपेक्षा २० टक्के किंवा जास्त भरली, किंवा नवी गाठ दिसली, की ‘रोग वाढला’ अशी नोंद होते. सुरुवातीपेक्षा ३० टक्के किंवा जास्त घटली तर ‘अंशतः’ रिस्पॉन्स. मधली अवस्था असेल तर रोग स्थिर. पेशंटला आज बरं वाटतंय की नाही, हे या मोजमापात कुठेच येत नाही. माणूस थकलेला असतो आणि नोंद ‘रिस्पॉन्स’ची असते. उलटही घडतं. म्हणून इथे तब्येतीचे शब्द वापरू नयेत, गाठीचे वापरावेत.

याच हिशोबाने ‘प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायवल’ला मी ‘रोग न वाढता गेलेला काळ’ म्हणतो. ‘प्रगतिमुक्त जगणे’ असं छापलेलं पाहिलं आहे आणि ते वाचून वाईट वाटलं.

निंबोणी :
रिस्पॉन्ससाठी ‘प्रतिसाद’ रूढ आहे, पण मराठीत दवाखान्यात आणि घरात जो शब्द आधीपासून बोलला जातो तो ‘दाद’. ‘ताप औषधाला दाद देत नाही’ हे कुणालाही सांगावं लागत नाही. फारसीतल्या ‘दाद’चा अर्थ न्याय. तिथूनच आपलं कोर्टात दाद मागणं आणि दादफिर्याद आली. मैफलीत दाद देतो तेव्हा समोरच्याचं मोल मानतो. आणि ‘दाद देत नाही’ म्हणजे जुमानत नाही, वाकत नाही. रिफ्रॅक्टरी या शब्दाचा मूळ भावही हाच, हट्टी, न वाकणारा. ‘दुर्दम्य’ आणि ‘उपचाररोधी’ हे दोन्ही पर्याय पाहिले आहेत. ‘दुर्दम्य’ला आपल्याकडे इच्छाशक्तीची जोड आहे, त्यामुळे रोगाला तो शब्द लावणं मला पटत नाही.

तेव्हा थायरॉइडच्या कर्करोगावर जे किरणोत्सर्गी आयोडिन देतात, ते लागू पडत नसेल तर ‘आयोडिनला दाद न देणारा कर्करोग’. एवढ्यात सगळं येतं.

पायवाट :
निंबोणी, पूर्ण सहमत. आमच्या घरात हे आजारपण होऊन गेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडिन ओढून घेतात. त्याच सवयीचा फायदा घेऊन किरणोत्सर्गी आयोडिन दिलं जातं. ते शरीरात उरलेल्या थायरॉइडच्या पेशींपर्यंत आपणहून पोचतं आणि त्यांना मारतं. १९४०च्या दशकापासून हा उपचार आहे. काहींच्या पेशी मात्र आयोडिन ओढणंच थांबवतात. आम्हाला दिलेल्या कागदावर ‘आयोडिन-प्रतिरोधक’ असं होतं आणि घरातल्या मोठ्यांनी त्याचा अर्थ ‘आयोडिनची अ‍ॅलर्जी’ असा घेतला. मीठ बदललं! ‘दाद देत नाही’ असं लिहिलं असतं तर तो गोंधळ झाला नसता.

‘प्रतिसाद’बद्दल आणखी एक. तो ऐकला की पेशंटला वाटतं, माझं शरीर प्रतिसाद देत नाही, म्हणजे मीच कुठे तरी कमी पडतोय. ‘रोगाने दाद दिली नाही’ म्हटलं की दोष रोगाचा राहतो. आजारी माणसाला या फरकाने फार बळ येतं.

टाकसाळ :
पायवाट, हा मुद्दा मी नोंदीत वापरणार आहे.

आयोडिनला दाद न देणाऱ्या प्रकारावरची मोठी चाचणी म्हणजे लेन्वॅटिनिब या औषधाची, २०१५ साली प्रसिद्ध झालेली. ३९२ पेशंट होते. औषध घेणाऱ्यांत रोग न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक (मीडियन) १८.३ महिने, दुसऱ्या गटात ३.६ महिने. दुसऱ्या गटाला प्लासिबो दिला होता. त्याला ‘छद्म-औषध’ म्हणू नका, फसवल्यासारखं वाटतं. ‘औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी’ असं सरळ लिहा. शिवाय त्या गटात रोग वाढला की पेशंटला खरं औषध घेण्याची सोय होती, हेही लिहा. नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्रासही लिहा. रक्तदाब वाढणं सर्वांत जास्त दिसलं आणि निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांचा डोस कमी करावा लागला.

ओंजळ :
‘मध्यक’ म्हणालात ते बरं झालं. शाळेच्या गणितात मध्य, मध्यक आणि बहुलक तिन्ही शिकवतात, पण माझ्या मसुद्यात सगळीकडे ‘सरासरी आयुर्मान’ आलं आहे.

टाकसाळ :
ते बदलाच. सरासरी काढायला प्रत्येकाचा शेवट माहीत असावा लागतो. चाचणीचा निकाल मांडताना काही पेशंट जिवंत असतात, ही तर चांगली गोष्ट, आणि म्हणूनच सरासरी काढता येत नाही. मध्यक काढता येतो : निम्मे पेशंट ज्या काळापलीकडे जगले तो काळ. ‘आयुर्मान’ तर अजिबात नको. तो शब्द जन्मापासून मोजतो, हा आकडा उपचार सुरू झाल्यापासूनचा आहे.

उदाहरण डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या जोडीचं घ्या. बऱ्याच अ‍ॅनाप्लास्टिक गाठींत ब्राफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल सापडतो. त्यामुळे पेशीला ‘वाढ’ असा हुकूम सतत जात राहतो. ही दोन औषधं तो हुकूम दोन वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. सुरुवातीच्या १६ पेशंटांपैकी ११ जणांच्या गाठींनी दाद दिली आणि मे २०१८मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या जोडीला मान्यता दिली. पुढे संख्या ३६ झाली, त्यांतल्या २० जणांच्या गाठींनी दाद दिली आणि जगण्याचा मध्यक १४.५ महिने आला. ज्या रोगात जुन्या नोंदींत हाच आकडा पाच महिन्यांच्या आसपास होता, तिथे हे फार मोठं पाऊल आहे. पण ‘तुमच्याकडे साडेचौदा महिने आहेत’ असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. म्हणून मी असं लिहीन : ‘निम्मे पेशंट साडेचौदा महिन्यांपेक्षा जास्त जगले.’ वाक्य ‘जास्त’वर थांबलं पाहिजे. खोटं काही सांगितलेलं नाही आणि मुदत दिल्यासारखंही वाटत नाही.

निंबोणी :
‘जगले’च्या जागी ‘वाचले’ कुणी लिहू नये, हेही जोडते. वाचणं म्हणजे संकटातून सुटणं. ‘सर्व्हायवल’साठी ‘बचाव दर’ही पाहिला आहे, त्यातही हीच गफलत आहे.

लेखणी :
अ‍ॅनाप्लास्टिकला मराठी शब्द करायचा नाही का? ‘अविभेदित’ असा एक पाहिला.

निंबोणी :
रोगाचं नाव अ‍ॅनाप्लास्टिकच राहू द्या. पेशंटला तोच शब्द फाइलवर दिसणार, डॉक्टर तोच बोलणार. अर्थ सांगताना मात्र ‘अविभेदित’ने काहीच कळत नाही. ‘घडण हरवलेल्या पेशींचा कर्करोग’ म्हणावं. मूळ शब्दातल्या ग्रीक धातूचा अर्थ घडवणं, आकार देणं असाच आहे. थायरॉइडची पेशी तिच्या कामासाठी घडलेली असते, आयोडिन ओढते, संप्रेरक बनवते. ही पेशी ते सगळं विसरलेली असते, फक्त वाढते. याच कारणाने या प्रकारात किरणोत्सर्गी आयोडिनचा उपयोग नसतो. एकदा घडण म्हटलं की पुढचा शब्दही आपोआप मिळतो. आयोडिन ओढणं थांबवलेल्या पेशींना औषधाने पुन्हा ओढायला लावण्याचं जे संशोधन आहे, ते ‘पुन्हा घडण’.

टाकसाळ :
‘पुन्हा घडण’ आवडलं. २०१३च्या अभ्यासात सेल्युमेटिनिब हे औषध दिल्यावर २० पैकी १२ जणांत आयोडिन ओढण्याचं प्रमाण वाढलं, ८ जणांत उपचार करण्याइतकं. हे सगळे आयोडिनला दाद न देणारे पेशंट होते, अ‍ॅनाप्लास्टिकचे नव्हे. कागदावर दोन्ही प्रकार एकत्र येऊ देऊ नका, नाहीतर नको तिथे आशा लागते.

लेखणी :
‘टप्पा’ शब्दावर कुणी बोललं नाही. मसुद्यांत हमखास दिसणारं वाक्य : ‘चौथ्या टप्प्यातील रुग्णांसाठी दुसऱ्या टप्प्यातील चाचणी.’ रोगाचाही टप्पा, चाचणीचाही टप्पा. वाचणारा दोन वजा करायला बसेल. रोगाला ‘स्टेज’ ठेवा, घराघरांत तोच शब्द आहे. टप्पा फक्त चाचणीचा. आणि ‘चाचणी’ नुसती लिहिली तर रक्ताची तपासणी वाटते, ‘औषध-चाचणी’ लिहा. ‘नैदानिक चाचणी’ही नको, त्यात ‘निदान’ ऐकू येतं आणि इथे निदान आधीच झालेलं आहे.

पायवाट :
‘प्रयोग’ हा शब्द टाळता तो का? सही करताना आम्हाला हेच स्पष्ट हवं होतं की औषध अजून तपासलं जातंय. ‘या औषधाचा गुण अजून सिद्ध व्हायचा आहे’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात असू द्या. भीती वाटते खरी, पण नंतर कळण्यापेक्षा बरं.

ओंजळ :
हे वाक्य जसंच्या तसं घेते आहे.

एक शेवटचा अडलेला शब्द, ‘अनरिसेक्टेबल’. मसुद्यात ‘शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला’ आहे.

टाकसाळ :
तो आता खराही राहिलेला नाही. पूर्वी गाठ श्वासनलिकेला, रक्तवाहिन्यांना वेढून बसली की शस्त्रक्रियेचा विषय बहुधा तिथेच संपायचा. आता ब्राफमधला बदल असलेल्यांना आधी औषध देतात, गाठ आकसली की मग काढतात. अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन केंद्राने २००० ते २०१९ या काळातल्या ४७९ अ‍ॅनाप्लास्टिक पेशंटांच्या नोंदी मांडल्या. सुरुवातीच्या काळात वर्षभर जगणारे ३५ टक्के होते, शेवटच्या तीन वर्षांत ५९ टक्के. औषधानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत तर वर्षभर जगणारे ९४ टक्के. अर्थात ज्यांच्या गाठींनी दाद दिली त्यांचीच शस्त्रक्रिया झाली, म्हणजे ही निवडलेली मंडळी आहेत. ९४ हा आकडा पेशंटच्या कागदावर एकटा कधीच देऊ नका.

पण शब्द बदलायला एवढं पुरे. ‘सध्या काढता न येणारी गाठ’ असं लिहा. त्यातलं ‘सध्या’ खोडू देऊ नका, संपादक ते अनावश्यक म्हणून उडवतात.

ओंजळ :
पहिलं वाक्य आता असं झालं : ‘स्कॅनमध्ये रोग वाढलेला दिसेपर्यंत हे औषध सुरू ठेवले जाईल. त्रास सोसवत नसेल तर ते आधीही थांबवता येईल.’ गाठ ना वाढली ना आकसली, तर ‘रोग स्थिर’ ठेवू का?

लेखणी :
‘स्थिर’ आपण पेशंटच्या प्रकृतीला लावतो. ‘प्रकृती स्थिर आहे’ म्हणजे काळजी आहे, पण धोका लगेच नाही. रोगाला तोच शब्द लावला तर दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतील. ‘रोग आहे तेवढाच आहे’ लिहा. या कर्करोगात आहे तेवढाच राहणं हीसुद्धा औषधाची कमाई आहे, ते पुढच्या वाक्यात सांगा.