बेळगावात सिव्हिल की कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स? बहिणीच्या प्रवेशाबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. वडील भातशेती करतात, मी आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत आहे आणि धाकटी बहीण यंदा पीयूसी (कर्नाटकातली बारावी) सायन्स उत्तीर्ण झाली आहे. सीमाभागातल्या 865 गावांमधील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत टाईप-ई म्हणून अर्ज करता येत असल्याने तिने केसीईटीबरोबर (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही दिली होती.

पहिली ते दहावी गावच्या मराठी शाळेत शिकल्यामुळे केसीईटीत तिला ग्रामीण आरक्षण लागू झाले आणि बेळगावच्या एका खासगी महाविद्यालयात सरकारी कोट्यातून सिव्हिलची जागा मिळाली. चॉईस 2 (जागा राखून पुढच्या फेरीतही भाग घेण्याचा पर्याय) देऊन ती राखून ठेवली आहे. पास काढून रेल्वेने रोज घरून ये-जा करता येईल, म्हणजे राहण्याजेवणाचा खर्च नाही. कोल्हापूरच्या एका खासगी महाविद्यालयात मात्र तिला हवी असलेली इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखा मिळते आहे. तिथली फी जास्त आहे आणि वसतिगृह व मेस धरून वर्षाला आणखी 80 हजार लागतील. माझा पगार 22 हजार आहे.

घरात विचारले की ती "सिव्हिल चालेल" एवढेच म्हणते. मला ते पटत नाही. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर बंद पडला, तेव्हा मेकॅनिक येईपर्यंत तिने तो उघडून कॉईलपासून रिलेपर्यंतचे सगळे वायरिंग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढले होते आणि दोष कुठे असावा तेही बरोबर सांगितले होते. तो कागद अजून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. वडिलांच्या डोळ्यांदेखत ती खर्चाचा आकडा ऐकते आणि "चालेल" म्हणते, म्हणून त्या शब्दावर चार वर्षांचा निर्णय सोपवायला माझे मन तयार होत नाही.

कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो. सरकारच्या शैक्षणिक कर्ज हमी योजनेतून साडेसात लाखांपर्यंत तारणाची गरज नसते असे वाचून गेलो असतानाही तिथे पहिल्यांदा जमिनीचा उतारा मागितला. वडील द्यायला तयार आहेत. मला मात्र जमीन कर्जात अडकवायची नाही.

जाणकारांनी कृपया अनुभवावरून सांगावे. महाराष्ट्रात 8 लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना 2024 पासून शिक्षण शुल्क माफ आहे, तर टाईप-ईमधून गेलेल्या सीमाभागातल्या कोणा मुलीला ही माफी प्रत्यक्षात मिळाली आहे का आणि त्यासाठी कुठली कागदपत्रे लागली? आमच्याकडे कर्नाटकचा 3बी (तिथल्या मागास प्रवर्गाचा) दाखला आहे, तो तिथे चालत नसावा अशी भीती आहे. बेळगावात सिव्हिलला प्रवेश घेतला, तर व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या) नियमाने दुसऱ्या वर्षी शाखा बदलून इलेक्ट्रॉनिक्स मिळालेले कोणी ओळखीचे आहे का, आणि पहिल्या वर्षाला साधारण किती गुण असतील तर ते जमते? शिवाय कोल्हापूर ठरलेच, तर केसीईटीची जागा रद्द करताना भरलेली फी किती परत मिळाली, तेही कळवावे. पुढच्या आठवड्यापर्यंत निर्णय घ्यायचा आहे.