निस्तेज त्वचा आणि घरचे उपाय : आपापले अनुभव लिहा

थंडी पडली की चेहरा ओढल्यासारखा होतो, कातडीवरची तुकतुकी जाते. त्यावर घरात जे केलंत आणि ज्याने खरंच फरक पडला, ते इथे लिहा. एक विनंती आधीच करते: गोरं होण्याचे उपाय नकोत. सावळी त्वचाही सतेज असते आणि गोरा चेहराही विझलेला दिसतो. त्वचा कोरडी की तेलकट, कशात काय कालवलंत आणि काय सोसलं नाही, हे जरूर सांगा. नव्या मुलींना त्याचाच जास्त उपयोग होईल.

सांगलीहून
आमच्याकडे उटणं फक्त नरक चतुर्दशीपुरतं नसतं. मसूर डाळीचं पीठ जास्त, त्यात आंबेहळद, गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा थोडाथोडा. सगळं वस्त्रगाळ हवं, भरड राहिलं तर चेहऱ्यावर ओरखडे उठतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला तिचा अभिमान आहे, पण ती स्वयंपाकाची. तोंडाला आंबेहळदच, कारण ती पिवळं डागत नाही. सासूबाई कोरड्या कातडीला साईत आणि तेलकट कातडीला ताकात कालवायला सांगतात. ताका-दह्यातलं लॅक्टिक आम्ल मेलेली कातडी अलगद सोडवतं, म्हणून चेहरा लगेच उजळ वाटतो. लेप खडखडीत वाळू देऊ नका. ओलसर असतानाच पाण्याचा हात फिरवून काढा.

नागपूरहून
संत्र्याच्या साली इथे घरोघरी वाळवतात. आधी मिठाच्या पाण्यात धुऊन घ्या, फवारणी झालेली असते. मग सावलीत वाळवून दळा आणि दुधात कालवा. आठवड्यातून एकदा बास. पण खरं सांगते, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना लेपापेक्षा तोंडाला बांधलेला ओढणीचा पदर जास्त काम करतो.

पुण्याहून
लिंबू-साखर चोळण्याचा सल्ला कृपया कुणी देऊ नका. माझ्या धाकट्या बहिणीने कुणाच्या तरी सांगण्यावरून ते केलं आणि तशीच गाडीवरून उन्हात गेली. दुसऱ्या दिवशी गालावर भाजल्यासारखे चट्टे, मग त्यांचे काळपट डाग. ते जायला कित्येक महिने लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिंबात असे घटक असतात जे ऊन लागताच कातडी भाजतात. शिवाय लिंबाचा सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोन-अडीच, आणि आपल्या त्वचेचा पाचच्या आसपास. लिंबू वरणावरच पिळावं.

साताऱ्याहून, एका आईचा अनुभव
माझी लेक बारावीला होती. चेहरा पांढुरका, डोळ्यांखाली काळं, जिना चढली तरी दम लागायचा. बेसन झालं, कोरफड झाली, मुलतानी माती झाली. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तिच्या पापणीच्या आतला रंग बघ आधी." तो अगदी फिकट होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. बायकांचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पाळीत जास्त रक्त जात होतं, त्यावरही उपचार केले. घरी आम्ही जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू, डब्यात मोड आलेली मटकी, कधी आवळा. चार महिन्यांनी ओठांना रंग आला आणि चेहरा आपोआप खुलला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे लेप शोधणाऱ्या कितीतरी जणींना आधी रक्ततपासणीची गरज असेल. थायरॉइडनेही त्वचा अशीच कोरडी आणि फिकी पडते. बायांनो, आधी तेवढं बघा.

म्हापशाहून
नारळाचा रस काढल्यावर उरलेला चोथा आम्ही अंगाला चोळतो. हातापायांना उत्तम. खोबरेल तेल मात्र चेहऱ्याला सगळ्यांनाच मानवत नाही, माझ्या भावाला त्याने पुटकुळ्या येतात.

टोरांटोहून
इथे हिवाळाभर घरात हीटर, हवा पार कोरडी. बेसन तर अजिबात नको, ते उरलासुरला ओलावाही शोषतं. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर अंगावरच तिळाचं तेल. आईची अभ्यंगाची सवय इथे कामाला आली.

औषधाचं दुकान चालवणारा एक दादा
ताई, एक कळकळीने सांगतो. घरचा उपाय लवकर दिसत नाही म्हणून लोक "उजळवणारी" ट्यूब मागतात. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा चमकतो, पुढे कातडी पातळ होते, लाली, मुरुम, लव येते. आधीपासून लावत असाल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारून सोडा, एकदम थांबवल्यावर त्रास उसळतो.

सांगलीहून पुन्हा
उटणं किती टिकतं, असं एकीने विचारलंय. कोरड्या काचेच्या बरणीत, ओला हात न लावता, पावसाळा लागेपर्यंत. त्यानंतर जाळी धरते, तेव्हा थोडंच करा. आणि कुठलाही नवा लेप आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा, मगच तोंडाला.