मशीन बदलण्याआधी प्रकाश बघा

एचिंग केलेल्या, म्हणजे रसायनानं कोरलेल्या, स्टीलच्या जाळीचं भोक पुरवठादाराकडे ०.३० मिमी भरतं आणि तुमच्याकडे ०.२८, म्हणजे कुणाचं तरी कॅमेऱ्यानं मोजणारं मशीन चुकतंय, असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. दोन्ही बाजूंनी एचिंग केलं की भोकाच्या भिंतीच्या मध्यावर बारीक धार उरते. खालून प्रकाश टाकला की कॅमेरा ती धार पकडतो, वरून टाकला की पृष्ठभागाची कड. आकडे वेगळे येणारच! कोणती कड मोजायची हे ड्रॉइंगवरच लिहून घ्या.

कुणीतरी मुंबईच्या उकाड्याला दोष दिलाय. मापनाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस, हे खरं. पण १० मिमी लांबीचं स्टील ३२ अंशांना जेमतेम दीड मायक्रॉन (०.००१५ मिमी) वाढतं, ०.०२ मिमीचा फरक त्यातून निघत नाही. साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मला दमटपणानं चढणाऱ्या गंजाचीच जास्त धास्ती असते. पावसाळ्यात गेज ब्लॉक (मापं ताडून बघायचे अचूक ठोकळे) पुसून, तेलाचा हात फिरवूनच पेटीत जातात.

आणि कृपा करून जाळीच्या बारीक पट्ट्यांना मायक्रोमीटर (स्क्रूनं चिमटीत धरून मोजायचं साधन) लावू नका. त्याच्या पाच-दहा न्यूटन दाबानं पट्टी वाकते आणि तुम्ही वाकलेली पट्टी मोजता.