कोलस्लॉ म्हणजे कोबी, म्हणून हलका?

काटेतोल
'चिकनबरोबर फ्राइज नकोत, कोलस्लॉ मागवा. शेवटी तो कोबीच, पोटाला हलका' असा सल्ला कालपासून इथे फिरतोय आणि त्याखाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

हॉटेलसारखा गोडसर, दुधाळ कोलस्लॉ करायचा तर प्रमाण साधारण असं पडतं: कोबी ५०० ग्रॅम, गाजर ६०, मेयोनेज १२०, साखर ४०, दूध ५०, व्हिनेगर आणि लिंबाचा रस मिळून ३०, मीठ ४. झाले ८०० ग्रॅम. आता कॅलरी मांडा. कोबीच्या १२५, गाजराच्या २५, दुधाच्या ३०, साखरेच्या १६० आणि एकट्या मेयोच्या ८१५च्या आसपास, कारण अंड्याच्या घट्ट मेयोत पाऊण वजन तेलाचंच असतं. म्हणजे १०० ग्रॅमला जवळपास १४५ कॅलरी, साडेअकरा ग्रॅम फॅट आणि वरून घातलेली साखर ५ ग्रॅम. वजनात कोबी ६० टक्क्यांच्या वर, कॅलरीत मात्र ११ टक्के. मेयो ७० टक्के. याला कोबी म्हणायचं?

मुदपाक
बेरीज बरोबर, पण प्रश्न काय होता? फ्राइजऐवजी काय, हा. १०० ग्रॅम फ्राइज म्हणजे ३१० कॅलरी आणि १५ ग्रॅम फॅट. कोलस्लॉ निम्म्याहून कमी. शिवाय १०० ग्रॅम कच्च्या कोबीत ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे ताज्या कोलस्लॉच्या १०० ग्रॅममध्ये वीसच्या वर. पुरुषाची रोजची गरज ८० धरली तर पाव हिस्सा तिथेच भागला. गाजरातलं बीटा कॅरोटिन अंगी लागायला तेल लागतंच. मूळ सल्ला ढोबळ होता, खोटा नव्हता.

कोशिंबीरवाली
मला कळत नाही, कोबीची कोशिंबीर घरात असताना हा मेयोचा लगदा हवाच कशाला? दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. तेवढाच कोबी, आणि तेलाचा पूर नाही.

काटेतोल
ताई, कोशिंबीरही मोजूया. कोबी पाव किलो, दही १०० ग्रॅम, कूट तीन मोठे चमचे म्हणजे २५ ग्रॅम, फोडणीचं तेल दोन चहाचे चमचे म्हणजे १० ग्रॅम, साखर एक चमचा. कॅलरी ३७५, वजन ४०० ग्रॅम. १०० ग्रॅमला ९४. त्यात १४५ एकट्या कुटाच्या आणि ९० तेलाच्या. इथेही कोबी अल्पमतातच आहे.

कोशिंबीरवाली
कुटाची आणि मेयोची बरोबरी करता? कुटाबरोबर प्रथिनं येतात, चोथा येतो. तुमच्याच हिशेबाने माझ्या १०० ग्रॅमला तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, तुमच्या कोलस्लॉत जेमतेम सव्वा. आणि कोशिंबिरीची साखर चिमटीत मोजतात, वाटीत नाही. नुसत्या कॅलरी लावून दोन्ही एका पंगतीत बसवणं हा अन्याय आहे, स्पष्ट सांगते.

काटेतोल
प्रथिनांचा मुद्दा मान्य. साखरेचाही. पण 'तेलाचा पूर नाही' हे मागे घ्या. तुमच्याकडेही १०० ग्रॅमला साडेसहा ग्रॅम फॅट आहे.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत मे २०१८ पासून २० किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी छापाव्या लागतात. भारतातही १० किंवा जास्त शाखा असल्या की तो नियम आहे. पण तो आकडा अख्ख्या वाटीचा. कोलस्लॉच्या तळाशी जे पांढरं पाणी साचतं त्यात साखर, मीठ आणि पातळ झालेला मेयो असतो. झाऱ्याने निथळून घेतलं तर पोटात कमी जातं, पाव लावून वाटी पुसली तर सगळं जातं. दोघांना एकच आकडा लावून भांडताय.

मुदपाक
त्या पाण्यातच क जीवनसत्त्वही उतरलेलं असतं, ते विसरू नका. मुळात पाणी सुटतं ते मीठ आणि साखर कोबीतून ओढून घेतात म्हणून. उपाय सोपा आहे: चिरलेल्या कोबीला वजनाच्या दोन टक्के मीठ चोळा, अर्धा तास चाळणीत ठेवा, घट्ट पिळा, मग मेयो. दुसऱ्या दिवशीही पाणी होत नाही.

कोशिंबीरवाली
पिळून?! मग उरलं काय? क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, ते तुमच्या मोरीत गेलं. वर त्याच्याच जोरावर कोलस्लॉची वकिली!

मुदपाक
सगळं जात नाही. के जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, ते राहतं. चोथा राहतो. गाजर पिळायचंच नसतं.

काटेतोल
आणि मीठ? ५०० ग्रॅमला दोन टक्के म्हणजे १० ग्रॅम. पिळल्यावर त्यातलं बरंच पाण्याबरोबर जातं, पण बरंच पानात मुरतं. त्यावर मेयोचं स्वतःचं मीठ. धुतलंत तर उरलेलं क जीवनसत्त्वही धुतलंत. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात आणि तुम्ही तोंडीलावण्यातच त्याचा मोठा वाटा संपवताय. पिळणं ही हॉटेलची सोय आहे, खाणाऱ्याची नाही.

मुदपाक
सोय काय म्हणता? पाणी सुटलं की मेयो पातळ होतो, चव उतरते, आणि मग लोक आणखी दोन चमचे मेयो घालतात. कॅलरी तिथे वाढतात! न पिळता करून दाखवा आधी.

काटेतोल
दाखवतो. किसणी वापरू नका. किसल्याने पेशी चिरडतात, उग्र वास सुटतो आणि पाणी लवकर सुटतं. धारदार सुरीने दोन-तीन मिलिमीटरचे काप, दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यात अगदी कोरडे करा. मीठ-साखर मेयोत आधी विरघळवून ठेवा आणि वाढण्याच्या अर्धा तास आधीच कालवा. निम्म्या मेयोऐवजी ६० ग्रॅम चक्का. साधं दही चालणार नाही, त्याचंच पाणी होतं. साखर २०. याच्या १०० ग्रॅमला ९५ कॅलरी होतात.

कोशिंबीरवाली
म्हणजे माझ्या कोशिंबिरीवरच आलात. एवढा उलटा घास घ्यायला दही लागलंच ना!

थंडकपाट
कॅलरीवर इतकं भांडताय, पण 'दुसऱ्या दिवशीही' या शब्दांवर कोणी बोललं नाही. १९८१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडे कोलस्लॉमधून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला, ४१ रुग्ण, बहुतेक गर्भवती आणि नवजात. खापर मेयोवर फुटलं नाही. कोबीच्या शेतात मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं आणि कोबी नंतर थंड कोठारात पडून होता. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. बाहेरची पानं काढून टाका, गड्डा धुवा, आणि घरात गर्भवती असेल तर हॉटेलचा तयार कोलस्लॉ नकोच. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वाकडेही बघावं. कोबीत ते आहेच, मेयो सोयाबीन तेलाचा असेल तर त्यातूनही येतं. खायला बंदी नाही, पण आठवडाभर काही नाही आणि रविवारी मोठी वाटी, असं करू नये.

मुदपाक
हे मात्र बिनतोड. दुसऱ्या दिवसाचं मागे घेतो. फ्राइजपेक्षा बरा, हे मागे घेत नाही.

काटेतोल
फ्राइजऐवजी घेतला तर बरा, एवढं मीही लिहून देतो. पण बरेच जण 'हलका' म्हणून फ्राइजच्या जोडीला मागवतात, आणि ११५ ग्रॅमच्या वाटीने वर १६५ कॅलरी चढतात.

कोशिंबीरवाली
आणि पिळायचाच असेल तर ते पाणी मोरीत ओतू नका. थालीपिठाची भाजणी त्यात भिजवा आणि वेगळं मीठ घालू नका. तव्यावर क जीवनसत्त्व टिकणार नाही, पण कोबीतलं पोटॅशियम तरी पोटात जाईल.