मदत हवी आहे : अविधवा नवमीचं श्राद्ध घरीच करायचं आहे

नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पितृपक्षातलं श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला. आतापर्यंत सगळं मोठ्या जाऊबाई पाहायच्या, यंदा त्या पुण्याला लेकाकडे. तर सगळं माझ्यावर आलं जी.

स्वयंपाकाची काळजी नाही. उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर, गवारीची भाजी, कोहळ्याची भाजी, परसातल्या धोप्याच्या (अळूच्या) पानांच्या वड्या. कांदा-लसूण नाही. काळे तीळ, जव घरात आहेत. दर्भ मात्र गावात मिळत नाही. बांधावर कुंदा गवत रग्गड माजलंय, पण ते दर्भाच्या जागी चालवून घ्यायला मन धजत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.

खरी अडचण गुरुजींची. पंधरवड्यात त्यांना दहा गावं. ते म्हणतात, सकाळी आठला येतो अन् उरकून देतो. श्राद्ध अपराह्णी करतात, म्हणजे साधारण दीड ते चार, असं मामंजींचं म्हणणं, अन् ते हटायला तयार नाहीत. मग गुरुजींना शिधा-दक्षिणा आधीच देऊन पिंड, तर्पण मामंजींनी दुपारी स्वतः केलं तर चालतं का? तुमच्याकडे कसं करतात?

आणखी एक. सवाष्णीला जेवू घालून साडी-चोळीनं ओटी भरायची, पण शेतातल्या कामापायी दुपारी बाई घरी सापडत नाही. तिला संध्याकाळी वाढलं तर चालेल की कुमारिका बसवू?