मदत हवी आहे: मारुती ८०० चा मागचा ब्रेक ड्रम निघत नाही

बाबांची १९९८ची मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. गाडी रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत बरीच वर्षं उभी होती. पुढचे डिस्क ब्रेक सहज उघडले. अडलंय ते मागे. डावा ड्रम (चाकामागचा, ब्रेक झाकणारा गोल डबा) गोल फिरतो, पण बाहेर येत नाही. कॉटर पिन आणि नट काढलाय, हँडब्रेकची केबल पूर्ण सैल केली आहे. मला वाटतं, ड्रम झिजून आतल्या कडेला काठ तयार झालाय आणि त्यात ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) अडकताहेत. हातोडा मारायचा सल्ला मिळाला, पण ड्रम बिडाचा, तडकला तर? मागच्या प्लेटमधून शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर सैल करून शू आत घेता येतात का, की ड्रम ओढून काढायचं अवजार, म्हणजे पुलरच लावावा? लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीची) धूळ श्वासात जायला नको, म्हणून फुंकणार नाही. ओल्या फडक्यानं पुसली तर चालेल ना? कुणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.