चित्रपटाची 'लांबी' की 'लांबण'?

गिरगावकर
परवा दादरला प्लाझातून बाहेर पडताना मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "चांगला होता, पण लांबी जास्त वाटली." घड्याळात पाहिलं, तर मध्यंतर धरूनही पुरते दोन तास झाले नव्हते. तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय. कीर्तन दोन तासांचं असतं, नाटक तीन अंकी, मैफल रात्रभर रंगते. मग एकट्या सिनेमालाच 'लांबी' कशी? वेळेला आपण एरवी 'अवधी' म्हणतो ना?

लालबागची
कारण सिनेमा खरोखरच लांब असायचा! फिल्म म्हणजे पट्टी, आणि ती फुटांत मोजत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी, म्हणजे फ्रेम. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मिनिटाला ९० फूट सरकते. तुमच्याच गिरगावात, कॉरोनेशन थिएटरात, ३ मे १९१३ रोजी लागलेला 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा, चार रिळांचा होता. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई आली, तेव्हा सरकारनं चित्रपटाला ११,००० फुटांची मर्यादा घातली. म्हणजे जेमतेम दोन तास, पण बंधन घातलं ते फुटांवर.

माझे वडील थिएटरात ऑपरेटर होते. "अठरा रिळांचा आहे, जेवायला थांबू नका," असं सांगून निघायचे. सिनेमा किती तासांचा, हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. लांबी हे त्यांच्या लेखी नुसतं माप होतं, तक्रार नव्हे.

गिरगावकर
ताई, हे ठाऊक नव्हतं. पण त्या बाईंची तर तक्रारच होती.

परळचा वाचक
त्यांना 'लांबण' म्हणायचं असणार. लांबण लावणं म्हणजे गरज संपल्यावरही वाढवत नेणं. चऱ्हाट, गुऱ्हाळ, पाल्हाळ ही त्याचीच भावंडं, आणि त्यातलं चऱ्हाट तर मुळात दोरच. 'सैराट' (२०१६) १७४ मिनिटांचा आहे. त्याची लांबी मोठी, पण मला त्यात लांबण जाणवली नाही. उलट नव्वद मिनिटांच्या सिनेमातही लांबण लागू शकते.

हा फरक परीक्षणात पाळायलाच हवा, असं मला फार वाटतं. 'लांबी खटकते' एवढंच लिहिलं तर संकलकानं कात्री कुठे लावायची? लांबी अख्ख्या सिनेमाची असते, लांबण एखाद्या जागी लागते. ती जागा दाखवता आली पाहिजे. नाहीतर दिग्दर्शक पुढच्या वेळी सरसकट वीस मिनिटं कापतो, आणि त्यात नेमका शांत, बोलका प्रसंग जातो.

लालबागची
अगदी खरं. आणि उलट बाजूही आहे. "एवढ्यात संपला?" म्हणणारेही भेटतात. तिकीट काढलं म्हणजे अडीच तास मिळायलाच हवेत, ही आपली जुनी सवय. अशा सिनेमाला 'तोकडा' म्हणतात, तो शब्दही कापडाच्या मापातला. मी मात्र 'आटोपशीर' म्हणेन. त्यात कौतुक आहे.

गिरगावकर
आता आठवलं. मध्यंतरानंतर दवाखान्याचा प्रसंग सुरू झाला आणि मागे खुर्ची करकरली, पिशवीची चेन वाजली. सिनेमाची लांबण तिथे लागली होती.